एका पिनेसाठी
जुन्या ‘पॉइंट टू-टू’ पिस्तुलाच्या सुट्या भागांची गोष्ट

ज्यांनी शाळा-कॉलेजात एनसीसी केली आहे, त्यांना ‘पॉइंट टू-टू’ हा शब्द नव्याने सांगायला नको. खाकी कपड्यांत पालथे पडून, गाल लाकडी दस्त्याला टेकवून मोजून मिळालेल्या गोळ्या झाडायच्या आणि मग धावत जाऊन लक्ष्याच्या कागदावर आपली भोके शोधायची. बार मोठा नसतो. दिवाळीतल्या लवंगी फटाक्याची आठवण यावी, एवढाच. त्या लहानशा काडतुसाचा इतिहास मात्र पावणेदोनशे वर्षांचा आहे. त्यासाठी बनलेली कित्येक पिस्तुले आज नव्वद-शंभर वर्षांची झाली असून त्यांतली पुष्कळशी अजून चालतात. जी चालत नाहीत, ती बहुधा एखाद्या नखाएवढ्या भागासाठी अडलेली असतात.

अशाच एका भागापासून हा लेख सुरू झाला. माझे आतेभाऊ पुण्यातल्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. निवृत्तीनंतर ते मुलाकडे अमेरिकेत, कनेटिकट राज्यात राहायला गेले. शेजारी ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ. तेही जन्मभर लेथवर काम केलेले. दोघांची भाषा वेगळी, पण मायक्रोमीटर एकच, त्यामुळे गट्टी जमली. त्या आजोबांकडे त्यांच्या वडिलांचे पॉइंट टू-टू पिस्तूल होते. बारा वर्षांचे असताना ते याच पिस्तुलावर नेम शिकले होते आणि आता नातीला त्यावरच शिकवावे, अशी त्यांची इच्छा होती. पण पिस्तुलाचा बार होत नव्हता. एका रविवारी सकाळी दादांचा फोन आला. “अरे, फायरिंग पिन मोडलीय नुसती. एवढीशी असते. पण मिळता मिळेना. तुला जुन्या यंत्रांचा नाद आहे, तर बघ जरा काही वाचायला मिळतंय का.”

बंद पडलेल्या कारखान्यांची यंत्रे पुढे कशी जगतात, हा माझा जुना विषय. शिलाई मशीन आणि भिंतीवरच्या घड्याळांपलीकडे मात्र मी कधी गेलो नव्हतो. या पिनेच्या निमित्ताने जे वाचले आणि दादांकडून जे समजत गेले, ते इथे क्रमाने मांडतो.

कडेवरचा आघात

आधी काडतूस समजून घेतले पाहिजे, कारण पिन का मोडते आणि दुसरी लगेच का चालत नाही, याचे उत्तर त्यात आहे.

काडतुसाच्या बुडाशी आघाताने पेट घेणारे मिश्रण असते. मोठ्या काडतुसांत ते बुडाच्या मधोमध बसवलेल्या छोट्या टोपीत असते. पॉइंट टू-टूमध्ये वेगळी टोपीच नाही. पितळी नळकांड्याच्या बुडाला बाहेर आलेली पोकळ कड असते आणि मिश्रण त्या कडेच्या आत भरलेले असते. पिन या कडेवर आदळते, कड चिमटली जाते आणि बार होतो. कडेला इंग्रजीत रिम म्हणतात, म्हणून हे रिमफायर. एकदा चिमटलेली कड पुन्हा पूर्ववत करता येत नाही, म्हणून हे काडतूस पुन्हा भरून वापरता येत नाही.

याची सुरुवात १८४५ च्या सुमारास पॅरिसमध्ये झाली. लुई-निकोला फ्लोबेर या कारागिराने आघाताच्या टोपीच्या तोंडावरच छोटी गोळी बसवली. हेतू घरातल्या दिवाणखान्यात नेमबाजीचा खेळ खेळता यावा, एवढाच होता. १८५७ मध्ये अमेरिकेत स्मिथ अँड वेसन यांनी तीच कल्पना वाढवून आपल्या पहिल्या रिव्हॉल्व्हरसाठी काडतूस केले. आज त्याला ‘.२२ शॉर्ट’ म्हणतात. १८८७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्टीव्हन्स कंपनीने ‘.२२ लाँग रायफल’ आणले. नाव रायफलचे असले तरी ते पिस्तुलातही चालते, आणि जगभरच्या नेमबाजीच्या सरावाचा आधार आजही तेच आहे. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकल्या, त्यातही हेच काडतूस वापरतात.

आता पिनेचे गणित. काडतुसाची कड सुमारे १.१ मिलिमीटर जाडीची. ती नळीच्या तोंडाच्या काठावर टेकलेली असते. म्हणजे पितळी कड मधे, एका बाजूला पिन आणि दुसऱ्या बाजूला नळीचे पोलाद. हातोडा, ऐरण आणि त्यांमधला पत्रा. पिन पुरेशी पुढे आली नाही, तर कड नीट चिमटत नाही आणि बार चुकतो. जरा जास्त पुढे आली आणि मधे काडतूस नसेल, तर पोलादावर पोलाद आदळते. मग पिनेचे टोक बोथट होते किंवा मोडते, आणि नळीच्या काठाला खळगा पडतो. खळग्याचे पोलाद आत सरकून बर निघाला, की काडतूस आत जाताना अडते, बाहेर येताना अडकते. म्हणून जुन्या रिमफायर पिस्तुलाचा चाप रिकामा ओढू नये, असे जाणकार सांगतात. सिनेमात ‘टक्’ करून रिकामा चाप ओढतात, तसे करणाऱ्या कुणाच्या तरी हौसेनेच त्या आजोबांची पिन गेली असावी. नळीच्या काठावर बारीक खूण होतीच.

हार्टफर्डचे पिस्तूल

आजोबांचे पिस्तूल कोल्ट कंपनीचे ‘वुड्समन’. रचना जॉन मोझेस ब्राउनिंग यांची. विसाव्या शतकातल्या कित्येक बंदुकांचे मूळ याच माणसाच्या डोक्यात सापडते. १९१५ मध्ये ते कनेटिकटच्या हार्टफर्ड शहरातून बाजारात आले, तेव्हा त्याला नुसतेच ‘ऑटोमॅटिक टार्गेट पिस्तूल’ म्हणत. ‘वुड्समन’ हे नाव १९२७ मध्ये मिळाले. १९७७ पर्यंत ते बनत राहिले. संग्राहक या बासष्ट वर्षांच्या तीन मालिका मानतात. पहिली १९१५ पासून दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळापर्यंत, दुसरी १९४७ च्या सुमारास सुरू झालेली आणि तिसरी १९५५ नंतरची.

सुटे भाग शोधणाऱ्याने या मालिका पाठ केल्या पाहिजेत. पहिल्या मालिकेत मॅगझिन सोडवायची कळ मुठीच्या तळाशी आहे. दुसरीत ती चापाच्या कड्यामागे, बोटाला लागेल अशी आली. तिसरीत ती पुन्हा तळाशी गेली. पहिल्या मालिकेचे मॅगझिन पुढच्यांत चालत नाही. आजोबांनी मध्यंतरी जास्तीचे म्हणून घेतलेले मॅगझिन दुसऱ्या मालिकेचे निघाले आणि कपाटात पडून राहिले. विकणाऱ्याने नुसते ‘वुड्समनचे मॅगझिन’ म्हटले होते, यांनी नुसते ‘वुड्समनचे मॅगझिन’ मागितले होते. दोष कुणालाच देता येत नाही.

म्हणून पहिले काम ओळख पटवण्याचे. पिस्तुलावर ‘वुड्समन’ हे नाव कोरलेले होते, म्हणजे ते १९२७ च्या आधीचे नाही. दुसरी खूण मुठीच्या मागच्या बाजूला, अंगठ्याखालच्या तळव्याला लागणाऱ्या पोलादी भागावर. मुख्य स्प्रिंग या भागात बसते, त्याला आपण स्प्रिंगचे घर म्हणू. सुरुवातीच्या पिस्तुलांत या घरावर चौकटीची नक्षी आहे, नंतरच्यांत आडव्या रेघा. ही नक्षी शोभेसाठी बदललेली नाही. १९३० च्या सुमारास जास्त वेगाची काडतुसे निघाली. साध्या काडतुसाची अडीच ग्रॅमच्या आसपासची गोळी सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने जाते, नव्यातली सुमारे ३८० मीटरने. तेवढा जास्त मार मागे येणाऱ्या भागांवर बसतो. तो सोसावा म्हणून कोल्टने १९३२ च्या सुमारास हे घर उष्णता देऊन कडक करायला सुरुवात केली, आणि ओळखू यावे म्हणून नक्षी बदलली.

दादांनी फोनवर विचारले, “हाताला काय लागलं असेल सांग?” चौकटी लागल्या होत्या. म्हणजे पिस्तूल १९२७ ते १९३२ या दरम्यानचे. घर मागाहून बदललेले असू शकते, म्हणून अनुक्रमांकही पडताळून पाहिला. तोही त्याच काळातला निघाला. आणि याच वेळी एक गोष्ट ध्यानात आली. पिस्तुलाच्या पेटीत, मोडक्या पिनेशेजारी, काडतुसांचा अर्धा भरलेला डबा होता. तो जास्त वेगाच्या काडतुसांचा होता. आजोबांना हा फरक कधी कुणी सांगितलाच नव्हता. पिन आधी मोडली, हे एका अर्थी बरेच झाले.

काय मोडते, काय नुसतेच अडते

जुने पिस्तूल चालेनासे झाले की मालक आधी भाग शोधायला लागतो. जाणते कारागीर म्हणतात, आधी धुऊन बघा. पन्नास वर्षांपूर्वीचे तेल सुकून चिकट, मधासारखे होते, मग लाखेसारखे घट्ट. त्यात पिन रुतते, स्प्रिंग जड होते, आणि मालकाला वाटते की काहीतरी तुटले. नुसते उघडून, साफ करून, हलके तेल दिले की यातली पुष्कळ पिस्तुले पुन्हा चालू लागतात.

त्यानंतर क्रम लागतो स्प्रिंगांचा. त्या थकतात, आखूड होतात, जोर गमावतात. हे वापरणाऱ्याच्या लक्षात येत नाही, कारण बदल वर्षानुवर्षे हळूहळू होत असतो. मग येतो रिकामे नळकांडे ओढून काढणारा छोटा आकडा, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर. त्याचे टोक झिजते किंवा तुटते. मग मॅगझिन. त्याच्या वरच्या काठाचे पत्र्याचे दोन ओठ काडतूस धरून ठेवतात आणि योग्य कोनात नळीकडे सोडतात. एकदा दगडावर पडून ते जरासे वाकले, की काडतूस दर वेळी अडते. त्या काळातल्या मुठींचे कठीण रबर आणि प्लास्टिकही वयानुसार तडकते.

नळी आणि सांगाडा सहसा जातच नाहीत. पॉइंट टू-टूची गोळी शिशाची, दाब कमी, त्यामुळे नळी मालकापेक्षा जास्त जगते. नव्वद टक्के यंत्र धडधाकट आणि दहा टक्क्यांसाठी सगळे ठप्प, असे चित्र असते. आपल्याकडच्या जात्याचे तसेच होते. दगड पणजीच्या वेळचे, खुंटा मात्र दर काही वर्षांनी नवा. खुंटा कुणी ‘जात्याचा खुंटा’ म्हणून दुकानातून आणत नसे. सुतार तो त्या जात्याच्या भोकाला बघून तासत असे. ही उपमा पुढे कामाला येणार आहे.

सुटे भाग येतात कुठून

कोल्टने वुड्समन १९७७ मध्ये थांबवले, कारण त्याचे भाग पोलादाच्या ठोकळ्यांतून कोरून काढावे लागत आणि मजुरी परवडेना. पुढे खुद्द कंपनीवर १९९२ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये दिवाळखोरीची वेळ आली, आणि २०२१ मध्ये ती चेक प्रजासत्ताकातल्या ‘सीझेड’ उद्योगसमूहाने घेतली. अनुक्रमांक कळवला आणि शुल्क भरले, तर पिस्तूल कारखान्यातून कधी आणि कुणाकडे गेले, याचे पत्र कोल्टच्या दप्तरातून मिळू शकते. इतिहास मिळतो. पण साठ-सत्तर वर्षांपूर्वीची पिन तिथे कपाटात असेल, ही अपेक्षा ठेवता येत नाही.

मग उरतात चार वाटा.

पहिली, जुने मोडून भाग विकणारे. यांतले सर्वांत प्रसिद्ध नाव न्यूयॉर्क राज्यातल्या न्यूमरिक यांचे. हा व्यवसाय १९५० पासूनचा. बंद पडलेल्या कंपन्यांचे उरलेले साठे विकत घ्यायचे, मोडकी हत्यारे सोडवायची, भागांना क्रमांक द्यायचे आणि प्रत्येक हत्याराचे सुटे सुटे करून काढलेले चित्र छापायचे, अशी त्यांची पद्धत. त्यांच्या जाड सूचीतली ही चित्रे कित्येक जुन्या हत्यारांसाठी आज माहितीपुस्तिकेचे काम करतात. कारखाना जातो, पण सूची त्याची स्मरणशक्ती होऊन राहते.

दुसरी वाट, फक्त स्प्रिंगा करणारे. पेनसिल्व्हेनियातील वोल्फ ही कंपनी जुन्या-नव्या हत्यारांच्या स्प्रिंगा नव्याने करते. स्प्रिंग ही वस्तू त्या मानाने सोपी. तारेची जाडी, वेढे, व्यास आणि लांबी कळली की ती पुन्हा करता येते.

तिसरी, मॅगझिने, मुठी यांसारख्या सहज बदलणाऱ्या वस्तूंच्या नव्या प्रती. यांत चांगले-वाईट फार. पत्र्याचा ओठ अर्ध्या मिलिमीटरने चुकला तरी नवे मॅगझिन जुन्यापेक्षा वाईट चालते.

चौथी वाट कानशीची. नमुना समोर ठेवून भाग हाताने करायचा. हे करणारे कारागीर अमेरिकेतही कमी होत चालले आहेत.

याच राज्यातल्या दुसऱ्या एका कंपनीची गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे. ‘हाय स्टँडर्ड’ ही कंपनी १९२६ मध्ये कार्ल गुस्ताफ स्वेबिलियस यांनी काढली, ती नळ्यांना लांब भोके पाडण्याच्या ड्रिलसाठी. १९३२ मध्ये त्यांनी डबघाईला आलेली एक पिस्तूल कंपनी घेतली आणि पॉइंट टू-टू पिस्तुले करायला लागले. १९६० मध्ये सोव्हिएत हद्दीत पाडलेल्या यू-२ विमानाचा वैमानिक गॅरी पॉवर्स याच्याजवळ सापडले, ते आवाज दाबणारे पिस्तूल यांचेच. १९८४ मध्ये कंपनी बंद झाली. पुढे १९९३ पासून त्याच नावाने टेक्सासमध्ये पिस्तुले बनू लागली, पण जुन्या पिस्तुलांच्या मालकांचा प्रश्न सुटला नाही. हाय स्टँडर्डच्या मुठी दोन कोनांच्या आहेत, एक जास्त तिरकी आणि एक लष्करी पिस्तुलासारखी उभट. एकीचे मॅगझिन दुसरीत चालत नाही.

याउलट रुगर. विल्यम रुगर आणि अलेक्झांडर स्टर्म यांनी १९४९ मध्ये कनेटिकटमध्येच साडेसदतीस डॉलरला पॉइंट टू-टू पिस्तूल विकायला काढले. मुठीचा सांगाडा कोरण्याऐवजी पत्र्याचे दोन अर्धे दाबून, जोडून केला होता. त्या वेळी जाणकारांना ते स्वस्तातले वाटले असेल. पण ते लाखांनी खपले, त्याचीच सुधारित रूपे अजून बनत आहेत, आणि म्हणूनच जुन्या रुगरचे भाग शोधायला फार हिंडावे लागत नाही. भाग मिळणे वस्तूच्या दर्जावर कमी आणि तिच्या खपावर जास्त अवलंबून असते. वुड्समनची कारागिरी सरस होती, आणि त्या कारागिरीच्या खर्चानेच ते संपले.

भाग मिळाला म्हणजे काम झाले?

दादांना दोन महिन्यांनी मोडून काढलेल्या पिस्तुलातली पिन मिळाली. पहिल्या मालिकेची, बरोबर. बसलीही. पण दहातले चार बार चुकत होते. काडतुसांच्या कडेवर पिनेची खूण पुसट, उथळ उमटत होती. ती पिनही आयुष्यभर झिजलेली होती, कुणाच्या तरी दुसऱ्या पिस्तुलात.

इथे मला आश्चर्य वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. एकाचा भाग दुसऱ्याला तंतोतंत बसावा, ही कल्पनाच मुळी बंदुकांच्या कारखान्यांतून आलेली आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये ओनोरे ब्लां यांनी ते करून दाखवले होते, आणि तेव्हा तिथे असलेल्या थॉमस जेफर्सन यांनी १७८५ मध्ये त्याबद्दल मायदेशी कळवले होते. १७९८ मध्ये एली व्हिटनी यांनी अमेरिकी सरकारला दहा हजार बंदुका देण्याचे कंत्राट घेतले आणि १८०१ मध्ये पुढाऱ्यांसमोर सुटे भाग मांडून जुळणी करून दाखवली. पुढच्या अभ्यासकांनी व्हिटनींच्या उरलेल्या बंदुका तपासल्या, तेव्हा त्यांचे भाग खरे तर एकमेकांना बसत नव्हते. ते प्रत्यक्षात साधले हार्पर्स फेरी येथे जॉन हॉल यांनी, १८२० च्या दशकात. व्हिटनींचा कारखाना होता त्या हॅम्डन गावातच पुढे हाय स्टँडर्डची पिस्तुले बनली. आणि त्याच राज्यात, शंभराहून अधिक वर्षांनी, वुड्समनचे भाग शेवटी कानशीने जुळवले जात होते.

म्हणजे जुन्या पिस्तुलात ‘सुटा भाग’ हा शब्द थोडा फसवा आहे. कारखान्यातला फिटर प्रत्येक पिन, प्रत्येक आकडा त्या एका पिस्तुलासाठी अखेरचा हात फिरवून बसवत असे. तो भाग दुसरीकडे गेला की परका होतो. जात्याचा खुंटा असाच. शेजारणीच्या जात्याचा आणला, तर सैल तरी होतो किंवा जातच नाही.

शेवटी एका परवानाधारक वृद्ध कारागिराकडे नवी, मुद्दाम जरा लांब ठेवलेली पिन नेली. त्याची पद्धत दादांनी बारकाईने पाहिली आणि मला सांगितली. भाग दिव्याच्या काजळीवर धरून काळा करायचा, बसवायचा, काढायचा. जिथे काजळी पुसली, तिथे घासते आहे. तिथेच कानस, तीही एक-दोन हात. पुन्हा काजळी. पिन पूर्ण पुढे आली असता नळीच्या काठापासून केसभर अलीकडे थांबली पाहिजे, एवढेच उद्दिष्ट. पोलाद काढता येते, परत लावता येत नाही, म्हणून घाई नाही. दादा म्हणाले, “आमच्या टूलरूममध्ये निळा रंग लावायचो, हा काजळी लावतो. बाकी सगळं तेच.” नळीच्या काठावरचा बर त्या कारागिराने वेगळ्या हत्याराने दाबून सरळ केला. चाप आणि घोडा यांच्यामधल्या अडणीला मात्र त्याने हात लावू दिला नाही. ती अडण नेमकी किती आणि कोणत्या कोनात पकडते, यावर पिस्तूल हातात असलेल्या माणसाचा आणि समोरच्याचा जीव अवलंबून असतो. चुकीची घासली, तर एका ओढीत दोन बार होतात किंवा धक्क्यानेही बार होतो. पिन चुकली तर पिस्तूल चालत नाही. अडण चुकली तर नको तेव्हा चालते.

भाग की शस्त्र?

हे सगळे अमेरिकेत टपालाने होऊ शकले, याला कारण तिथला कायदा. १९६८ च्या केंद्रीय कायद्यानुसार ज्याला बंदूक म्हणायचे, तो भाग म्हणजे सांगाडा. अनुक्रमांक त्यावरच असतो. पिन, स्प्रिंग, नळी, मॅगझिन यांना केंद्रीय कायदा बंदूक मानत नाही. जुन्या पिस्तुलांच्या दुरुस्तीचा सगळा बाजार या एका व्याख्येवर उभा आहे.

तिची दुसरी बाजूही आहे. २०२३ च्या डिसेंबरमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने उजेडात आणले की, पोलिसांनी नष्ट करण्यासाठी दिलेल्या बंदुकांचा काही ठिकाणी फक्त सांगाडा तोडला जातो आणि बाकीचे भाग संच करून विकले जातात. ज्यांनी ‘रस्त्यावरून एक बंदूक कमी होईल’ म्हणून ती सोपवली, त्यांची ती फसवणूकच. दादांनी आणलेली पहिली पिन कुठल्या पिस्तुलातून आली असेल, हे सांगणारा काहीही कागद तिच्याबरोबर नव्हता. हे वाचल्यावर मी त्यांना विचारले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “पिनेला नंबर नसतो रे.”

आपल्याकडे गणित उलट आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्रे’ या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्रांचे भागही येतात, आणि दुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो. म्हणजे वडिलोपार्जित, परवान्यावरचे पॉइंट टू-टू पिस्तूल कुणाकडे असेल, तर त्याने परदेशातून पिन टपालाने मागवणे किंवा गल्लीतल्या लेथवाल्याकडून करून घेणे, दोन्ही गुन्ह्याच्या वाटा आहेत. परवानाधारक कारागिराकडेच जावे लागते. १९८० च्या दशकात सर्वसामान्यांसाठी बंदुकांची आयात बंद झाली, त्यामुळे त्यापूर्वी आलेल्या परदेशी पिस्तुलांचे आपल्याकडचे आयुष्य अशा मूठभर कारागिरांच्या हातांवर आहे. आपला कायदा जाचक वाटेल, पण पिनेला नंबर नसला तरी ती कुठेतरी जाऊन बसणारच, हे त्याने ओळखलेले आहे. अमेरिकेचा कायदा दुरुस्तीला मोकळीक देतो, आणि त्याच मोकळिकीतून नको ते संचही जातात. दोन्ही एकदम मिळण्याची सोय मला तरी कुठे दिसली नाही.

पेटीतली चिठ्ठी

पिस्तूल दुरुस्त झाले. आजोबांनी आणि नातीने रेंजवर साध्या वेगाची पन्नास काडतुसे झाडली. एकही बार चुकला नाही. दादा मागे उभे होते. नातीने कागदावरची भोके मोजली. आजोबांनी मात्र खाली पडलेली नळकांडी वेचून प्रत्येकाच्या कडेवरची खूण भिंगातून पाहिली. जन्मभर लेथवर काम केलेला माणूस आणखी काय बघणार?

नंतर जे झाले, त्यासाठी मी हा लेख लिहिला. जास्त वेगाच्या काडतुसांचा तो अर्धा डबा आजोबांनी रेंजवर जमा केला. कडक घर मिळवून बसवता आले असते, तसे पूर्वी पुष्कळांनी केले आहे. पण आजोबांना वडिलांच्या हाताला लागलेल्या चौकटी ठेवायच्या होत्या. मग दादांनी सुचवले म्हणून त्यांनी एका जाड कागदावर चार ओळी लिहिल्या. पिस्तूल कोणत्या मालिकेचे, स्प्रिंगचे घर जुने आणि मऊ, फक्त साध्या वेगाची काडतुसे वापरावीत, रिकामा चाप ओढू नये. खाली पिन बदलल्याची तारीख आणि कारागिराचे नाव. तो कागद पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला.

मोडलेला भाग शोधता येतो, घासून जुळवता येतो, नाहीच मिळाला तर नव्याने करता येतो. वस्तू कशी वापरायची, हे सांगणारा माणूस गेला की ते ज्ञान कुठल्याच सूचीत क्रमांक देऊन मिळत नाही. त्या पिस्तुलाला खरा धोका मोडक्या पिनेचा नव्हता, शेजारी ठेवलेल्या डब्याचा होता. आणि तो धोका नव्वद वर्षे एका नक्षीच्या रूपाने मुठीवर कोरलेला होता. वाचणारे कुणी नव्हते, इतकेच.

आपल्या घरातही जुनी यंत्रे असतात. पाण्याचा पंप, आजीचा स्टोव्ह, वडिलांची मोटरसायकल. या दिवाळीत साफसफाई करताना त्यांचे सुटे भाग शोधायचे असतील तर जरूर शोधा. त्याआधी घरातले जे जाणते माणूस ते चालवत होते, त्यांना विचारून चार ओळी लिहून घ्या, आणि कागद त्या वस्तूलाच चिकटवून ठेवा.